झीज कोठें पाहावी?

जुनें यंत्र बाळगणाऱ्या प्रत्येक कुटुंबांत त्या यंत्राचें एक पुराण तयार होतें. आमच्या घरीं तें एका मोटारसायकलीचें आहे. आजोबांनीं ती १९४८ सालीं लष्कराच्या निकाली मालाच्या लिलावांत घेतली. बर्मिंगहॅमच्या नॉर्टन कारखान्यांत तयार झालेली ही गाडी ‘१६ एच’ या नांवानें ओळखली जाते. त्यांतील ‘एच’ हें अक्षर ‘होम’ या शब्दाचें. वसाहतींत पाठवावयाच्या गाडीचें नांव ‘१७ सी’ असें निराळें होतें. इंग्रजांनीं स्वतःच्या घरासाठीं म्हणून काढलेली गाडी पुण्यांतील एका वाड्याच्या देवडींत येऊन स्थिरावली, ही गंमत आजोबा येणाऱ्याजाणाऱ्याला न चुकतां ऐकवीत. दुसऱ्या महायुद्धांत नॉर्टन कारखान्यानें सैन्याला जवळजवळ एक लाख गाड्या पुरविल्या व त्यांत बहुसंख्या याच जातीची होती. तेव्हां आमच्या गाडीला दुर्मिळ रत्न म्हणण्याचें कारण नाहीं. तरी पण वाडा गेला, त्या जागीं चार मजली इमारत झाली, आणि तिच्या तळमजल्यावर नव्या मोटारींच्या रांगेंत या गाडीची जागा आम्हीं चारहि भावांनीं एकमतानें राखून ठेविली. आमचें एकमत झालेल्या ज्या थोड्या गोष्टी आहेत त्यांपैकीं ही एक.

या पुराणांतला सर्वांत जुना अध्याय तेलाचा. “ही गाडी तेल पिते” हें वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलों आहें. गाडी कांहीं दिवस उभी राहिली कीं टांकींतील तेल नाहींसें होई. कोणी तरी वर नवें तेल भरी. मग किक मारल्यावर निळसर धुराचा लोट निघे आणि थोड्याच वेळांत टांकी भरून वाहूं लागे. पितें कोण आणि ओकतें कोण, याचा विचार कोणी केला नाहीं. एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचा तापट स्वभाव घरानें मान्य करून टाकावा, तशी ती गाडीची खोड म्हणून मान्य झाली होती.

वस्तुतः तेल कोठेंहि गेलेलें नसतें. या इंजिनांत तेल तळाशीं सांठवीत नाहींत; तें बैठकीखालच्या वेगळ्या टांकींत असतें. तेथून तें पंपाकडे उतरतें. पंप तें क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांना पोंचवितो. आपलें काम करून तें इंजिनाच्या तळाशीं ठिबकतें, आणि तोच पंप आपल्या दुसऱ्या अंगानें तें उपसून पुन्हां टांकींत टाकतो. याकरितां पंपांत दांतेरी चाकांच्या दोन जोड्या असतात: पुरवठ्याची जोडी अरुंद, परतीची रुंद. येणाऱ्यापेक्षां उपसणारा बलवान असल्यामुळें तळ कोरडा राहतो. गाडी उभी असतां टांकी वर आणि पंप खालीं. मध्यें अडथळा काय तो पुरवठ्याच्या दोन लहानशा चाकांचा. तीं चाकें आपल्या घरांत घट्ट बसलेलीं असतील तर तेल अडून राहतें. सैल असतील तर रात्रंदिवस झिरपून इंजिनाच्या तळाशीं जमतें. मग वर भरलेलें तेल अधिकच होतें, आणि परतीच्या जोडीनें तळ उपसला कीं टांकी वाहते. म्हणून या गाडीचें तेल पाहावयाचें तें ती चार-पांच मिनिटें चालविल्यावर, आधीं नव्हे. एवढी गोष्ट कळली असती तर आमच्या घरीं कित्येक डबे तेल वांचलें असतें.

आतां थोडेंसें झिरपणें हा या जातीचा स्वभावच आहे हें खरें. दोन-तीन महिन्यांत टांकी उतरली तर कोणी चिंता करूं नये. पण यंदा ती एका रात्रींत उतरूं लागली, आणि नेमक्या याच वेळीं आमच्या पुतण्यानें गुहागरचा बेत जाहीर केला. कराडवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तेथून गुहागर. गाडी आजोबांची, आणि मागच्या बैठकीवर माझी कन्या. दोघांचीं मनें त्या बेतानें इतकीं भरून गेलीं होतीं कीं नाहीं म्हणणें मला जड गेलें. दादांनीं आपलें नेहमींचें मत दिलें, कीं गाडी विकून टाकावी व पोरांनीं बसनें जावें. वहिनी एरवीं या विषयांत बोलत नाहींत, त्यांनीं एकच विचारलें: “भावोजी, उतारावर इंजिन मध्येंच धरलें, तर मागचें चाक फिरतें राहतें का?”

चाक फिरतें राहत नाहीं. तेलावांचून पिस्टन सिलिंडरला चिकटला, किंवा क्रँकवरील मोठें बेअरिंग जळून अडकलें, तर सांखळीनें जोडलेलें मागचें चाकहि जागच्या जागीं अडतें. क्लच दाबण्यास क्षणभर उशीर झाला तर गाडी आडवी होते. हें मीं त्यांना सांगितलें, आणि मग पंप उघडून पाहिल्याशिवाय कोणीं कोठें जावयाचें नाहीं, असें ठरलें.

आमचे मिस्त्री वयानें व अनुभवानें मोठे आहेत, आणि त्यांच्या हाताविषयीं मला आदर आहे. त्यांनीं मॅग्नेटोच्या जुळणीच्या खुणा करून घेऊन उजव्या बाजूचें झांकण उतरविलें, दोन नट सोडून पंप बाहेर काढला, रॉकेलानें धुतला, आणि एक जोडी माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, “बघा काका, दांत कसे शाबूत आहेत. एकाचाहि टवका उडालेला नाहीं. पंप उत्तम आहे. थोडें जाड तेल घाला, आणि टांकीच्या नळीला एक तोटी बसवून देतों. गाडी उभी केली कीं तोटी बंद, काम झालें.”

दांत खरोखरच शाबूत होते. चमक एकसारखी, कडा नीट, कोठें खड्डा नाहीं. शंभरांतील नव्वद माणसें येथेंच थांबतील, कारण दांतेरी चाक म्हटलें कीं मनुष्याची नजर दांतांवरच जाते. परंतु तेलाच्या पंपाचें दुखणें बहुधा तेथें नसतें. हीं चाकें जन्मभर तेलांत बुडून फिरतात. त्यांच्या दांतांवर ओझें असें फारसें पडतच नाहीं. आपल्याला वाटतें कीं तेल दोन चाकांच्या मधून पिळून निघतें, जणूं रसवंतीच्या चरकांतून ऊंस. प्रत्यक्षांत उलट आहे. तेल दोन दांतांमधील खांचेंत बसून चाकाच्या बाहेरच्या अंगानें, कवचाच्या भिंतीला घासून पलीकडे जातें. मधोमध दांतांत दांत अडकतात ते केवळ त्याला परत येऊं न देण्यासाठीं. याचा अर्थ असा, कीं पंपाची शक्ति दांतांच्या धारेवर अवलंबून नसून चाकांच्या भोंवतालच्या फटींवर अवलंबून असते. आणि त्यांतहि सर्वांत घातक फट ती चाकांच्या चपट्या तोंडाची, जेथें तीं पितळी झांकणाला लागून फिरतात.

घरांतील अडकित्त्याचें पातें कितीहि धारदार असो. त्याची खीळ सैल झाली कीं सुपारी कातरली न जातां निसटते. आमची आजी अडकित्ता घेतांना धारेवरून बोट फिरवीत नसे. तो उघडून दोन्ही पातीं आडवीं हलवून पाही. पंपाची परीक्षा याच रीतीनें करावयाची असते.

या फटीचें एक विशेष सांगण्यासारखें आहे. अरुंद फटींतून गळणारें तेल फटीच्या रुंदीच्या प्रमाणांत वाढत नाहीं; तें तिच्या घनाच्या प्रमाणांत वाढतें. फट दुप्पट झाली तर गळती आठपट. एक हजारांश इंचाच्या जागीं तीन हजारांश झाली तर सत्तावीसपट! डोळ्यांना एक आणि तीन यांतला भेद मुळींच दिसत नाहीं, कारण आपल्या डोक्याचा साधा केंससुद्धां दोन-तीन हजारांश इंच जाड असतो. त्यांत आणखी भर अशी, कीं तेल जितकें पातळ तितकी गळती अधिक. सकाळीं थंड इंजिनांत मधासारखें घट्ट तेल झिजलेल्या पंपांतूनहि नीट चढतें. टांकींत डोकावणाऱ्याला परतीची धार जोमदार दिसते आणि तो समाधानानें निघतो. तासाभरानें घाटांत इंजिन तापतें, तेल पाण्यासारखें होतें, आणि मग तोच पंप नुसता गरगर फिरत राहतो. म्हणून जाड तेल घालण्याचा मिस्त्रींचा उपाय मला पटला नाहीं. तो रोग बरा करीत नाहीं, लपवितो.

मोजणीसाठीं फार सामग्री लागत नाहीं. फीलर गेज म्हणून पोलादाच्या पातळ पानांचा एक जुडगा मिळतो. प्रत्येक पानावर त्याची जाडी कोरलेली असते. दुसरी वस्तु म्हणजे खरोखर सरळ अशी लोखंडी पट्टी. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी बसलों, पुतण्या उजेड धरून उभा राहिला, आणि घरांतील लहान मुलें नेहमींप्रमाणें भोंवतीं गोळा झालीं. पंपाचें बिडाचें कवच दोन्ही बाजूंनीं उघडें असतें, एका बाजूच्या घरांत पुरवठ्याची जोडी व दुसऱ्या बाजूच्या घरांत परतीची. वर दोन पितळी झांकणें. चाकें जशीं निघालीं तशींच परत बसावयास हवींत, कारण बरोबर फिरतां फिरतां त्यांची एकमेकांशीं एक संवय झालेली असते. म्हणून काढतांनाच प्रत्येकावर शाईनें खूण केली. मग चाकें घरांत बसवून कवचाच्या तोंडावर पट्टी आडवी धरली, आणि पट्टी व चाक यांच्या मध्यें एकेक पान सरकवून पाहिलें.

अशा पंपांना एक ते तीन हजारांशांपर्यंत फट चालते. परतीच्या बाजूला तिहींचें पान जेमतेम गेलें. पुरवठ्याच्या बाजूला चोहोंचें पान सहज गेलें. शिवाय त्या बाजूचें पितळी झांकण उजेडांत तिरपें धरलें तों त्यावर वर्तुळाकार चरे उमटलेले दिसले. नख फिरविलें कीं अडे. ते चरे म्हणजेहि फटच. जोडीच्या बाहेरच्या अंगास, दांतांचीं टोंकें व कवचाची भिंत यांच्यामध्यें मात्र दीडाचें पानसुद्धां शिरलें नाहीं. तेथें शोषणाच्या बाजूला विशेष लक्ष द्यावें लागतें, कारण दाबाच्या बाजूचें तेल चाकांना सतत पलीकडे रेटीत असतें व भिंत त्याच अंगाला झिजते. ती झीज झाली तर घरगुती उपाय नाहीं. कवचच बदलावें लागतें. आमचें दैव तेवढें बरें.

मिस्त्री पाहत होते. ते म्हणाले, “परतीची जोडी तर जास्त घाणींत काम करते. झिजायची तर ती आधीं.” त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें, इंजिनांतले सगळे धातूचे कण पहिल्यांदां परतीच्या जोडींतूनच जातात, आणि तिच्या झांकणावरहि ओरखडे होतेच. पण परतीच्या जोडीला झीज परवडते, कारण तिची शक्ति गरजेपेक्षां पुष्कळ जास्त ठेवलेली आहे. थोडी गेली तरी तळ उपसला जातो. पुरवठ्याच्या जोडीजवळ असली शिल्लक नाहीं. तिचें जें गेलें तें सरळ बेअरिंगाच्या तोंडचें गेलें. सुदैवानें या इंजिनाचें मोठें बेअरिंग रोलरचें आहे. त्याला तेलाचा मोठा दाब लागत नाहीं, थोडें पण अखंड तेल पुरतें. त्यामुळेंच आमची गाडी इतकीं वर्षें या खोडीसकट चालली. मात्र गांवांत भाजी आणणें वेगळें आणि दोन माणसें घेऊन तापल्या इंजिनानें मजल मारणें वेगळें.

तोटीसंबंधानें थोडें अधिक बोललें पाहिजे, कारण ही सूचना अनेक ठिकाणीं केली जाते व वरवर शहाणपणाची वाटते. तोटी बंद केली कीं झिरपणें थांबतें, यांत शंका नाहीं. पण ती उघडावयास एकदां विसरलें कीं इंजिन तेलावांचून चालतें, आणि तें कळतें तेव्हां फार उशीर झालेला असतो. एकट्या मनुष्याच्या घरीं हें कदाचित् निभावेल. आमच्या घरीं गच्चीवरच्या पाण्याच्या टांकीची तोटी कोणीं बंद केली व कोणीं उघडली यावरून दर आठवड्याला सभा भरते. तेथें आणखी एक तोटी नको, असें मीं म्हणतांच दादासुद्धां हंसले, आणि तो ठराव तेथेंच बारगळला.

नवा पंप किंवा नवीं चाकें इंग्लंडहून मागवितां येतात. (नॉर्टन हें नांवच २०२० सालीं चेन्नईच्या टी. व्ही. एस. मोटर कंपनीनें विकत घेतलें. आजोबा असते तर त्यांच्या गोष्टीला नवा शेवट मिळाला असता!) परंतु चाकें चांगलीं असतां चाकें बदलण्यांत अर्थ नव्हता. उणें होतें तें कवचाच्या तोंडाचें व झांकणाचें नातें. त्यावर जुना कारागिरी उपाय आहे. कपाटाची जाड कांच सपाट जागीं ठेवावी, तिच्यावर अगदीं बारीक एमरी कागद ताणून घालावा, त्यावर थोडें तेल सोडावें, आणि कवचाचें तोंड त्यावर हलक्या हातानें आठाच्या आकड्यासारखें फिरवावें. जोर देऊं नये. एकाच अंगाला बोट दाबलें तर तोंड तिरपें होतें. दहा-बारा फेरे झाले कीं धुवावें, पुसावें, पुन्हां पट्टी व पान. कवचाची उंची अशा रीतीनें कणाकणानें उतरून चाकांच्या बरोबरीला येते. पितळी झांकणहि तसेंच घासून चरे जाईपर्यंत साफ करावें. यांत घाई करणारा मनुष्य हमखास जास्त घासतो. मग चाकें झांकणांत आवळलीं जातात आणि पंप फिरतच नाहीं. मिस्त्रींनीं हें काम मला करूं दिलें नाहीं. त्यांनीं स्वतः दोन संध्याकाळ बसून केलें, आणि तें पाहणें हा एक आनंद होता. दर खेपेस ते पान सरकवीत, मान हलवीत, आणि पुन्हां कांचेकडे वळत. अखेर पुरवठ्याच्या बाजूला दोहोंचें पान अडलें व एकाचें गेलें, तेव्हां त्यांनीं कागद गुंडाळून ठेविला.

पंप जोडून, आंत तेलाचे चार थेंब सोडून त्यांनीं दांडा माझ्या बोटांत दिला. पूर्वीं तो वाऱ्यावर फिरल्यासारखा फिरत असे. आतां फिरतांना किंचित् जड, पण सर्व फेऱ्यांत सारखाच जड. तेल बाहेर पडण्याच्या छिद्रावर अंगठा ठेवून फिरविलें तर अंगठा उचलला जाऊं लागला. कोणत्याहि मापापेक्षां ही परीक्षा मला अधिक बोलकी वाटते.

एवढ्यानें संपलें नाहीं. पंपाला फिरविणारें मळसूत्री चाक क्रँकशाफ्टच्या टोंकावर असतें. त्याच्या धारा तीक्ष्ण झाल्या असतील तर तें एक दिवस पंपाच्या चाकाचे दांत खाऊन टाकतें आणि तेल एका क्षणांत बंद पडतें. तेथें मात्र दांतच पाहावयाचे. आमचें ठीक निघालें. (हें चाक काढण्याचा प्रसंग आला तर त्याचे आटे उलटे आहेत हें ध्यानांत ठेवावें, सुलट समजून जोर करणाऱ्यानें तें अधिकच आवळलें जातें.) शेवटची गोष्ट म्हणजे पंपाच्या तोंडाशीं, झांकण बसतें तेथें दाबली जाणारी एक लहानशी चकती. ती कडक होऊन चिरली होती. पंप कितीहि उत्तम असला तरी या चकतीपाशीं तेल निसटलें तर बेअरिंगापर्यंत पोंचत नाहीं. तिची किंमत चहाच्या पेल्याएवढी, ती बदलली.

मग प्लग काढून, नुसती किक मारून मारून टांकींत परतीचें तेल दिसेपर्यंत इंजिन फिरविलें, आणि त्यानंतरच तें सुरू केलें. नेहमींचेंच तेल घातलें होतें, जाड नव्हे. आम्हीं थंड इंजिनाची धार पाहिलीच नाहीं. पुतण्यानें गाडी कात्रजचा घाट चढवून आणली, आणि इंजिनाला हात लावतां येईना अशा स्थितींत तें मंद चालत ठेवून टांकीचें झांकण उघडलें. परतीचें तेल हवेचे बुडबुडे घेऊन गुळण्या टाकीत येत होतें, मध्यें खंड न पडतां. तारेचा एक तुकडा टांकींत बुडवून तेलाच्या उंचीची खूण केली, व गाडी आठ दिवस उभी ठेविली. आठव्या दिवशीं तेल खुणेच्या अर्धें बोट खालीं होतें. वहिनींनीं ती तार स्वतः धरून पाहिली, आणि कांहीं न बोलतां वाटेसाठीं डब्याची तयारी आरंभिली.

दादांचें म्हणणें अजूनहि विकून टाकावी असेंच आहे. पुढच्या वर्षीं परतीच्या झांकणालाहि कांचेवर बसवावें लागेल, असें मिस्त्रींनीं बजावून ठेविलें आहे. मुलें मार्गशीर्षांत निघालीं. कराडला पोंचल्यावर पुतण्यानें वहिनींना फोन केला. टांकीचें झांकण उघडून पाहिल्याचें त्यानें आधीं सांगितलें, जेवल्याचें मागाहून.